चौदा किलोंचा सत्कार

भैय्याजींनी बायकोचं वजन उतरवलं आणि ते गावभर सांगितलं. सांगितलेलं परत कसं घ्यायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

वर्ध्याजवळच्या जाम गावी, चौरस्त्यावर त्यांचं पोहे-समोशाचं हॉटेल. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना खाऊ घालता घालता स्वतःचं पोटही गल्ल्याच्या पुढे येऊन बसलेलं. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी तंबी दिली आणि कुणीतरी त्यांना दोन वेळ जेवणाऱ्यांच्या मंडळात नेलं. दिवसातून दोनदाच जेवायचं, मधे पाण्याशिवाय काही नाही, आणि रोज पाऊण तास चालायचं. झालं, माणूस एकदम भक्तच झाला. चहा सुटला, पहिल्या घाण्यातला समोसा चाखणं सुटलं, आणि गिऱ्हाइकाने दुसरी प्लेट मागितली की त्यालाही उपदेश. तीन महिन्यांत सहा किलो उतरले. खोटं कशाला बोला, फायदा झाला होता.

मग त्यांनी सुलोचनाबाईंना धरलं. बाई अंगाने भरलेल्या, पण तक्रार कसली नव्हती. आधी त्यांनी हसण्यावारी नेलं. पण नवऱ्याचं ताट उठल्यावर आपलं ताट घ्यायचं, ही जन्माची सवय. तो दोनदा जेवू लागला तशा त्याही दोनदाच जेवू लागल्या. दर रविवारी सकाळी मंडळात वजनकाटा मांडत. भैय्याजींचा आकडा लवकरच अडकला. सुलोचनाबाईंचा मात्र दर रविवारी खाली.

एके दिवशी अर्धी पोळी ताटात तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "मले आता जेवाच्या वेळेलेही भूक नाई लागत."

"मंग तेच तर पाह्यजे," भैय्याजी म्हणाले. "तुझं शरीर शिकून राह्यलं."

पाठ दुखते म्हणाल्या, तर ते त्यांनी चालण्याच्या व्यायामावर ढकललं. ब्लाउज आत घ्यावे लागले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, आणि भैय्याजी ते पाहून सुखावत राहिले. पाहिलंच नसतं, तर निदान तेवढी सबब तरी राहिली असती.

चौदा किलो झाले तेव्हा मंडळाने सत्कार ठेवला. शाल, नारळ, टाळ्या. सुलोचनाबाईंना उभं राहवेना म्हणून खुर्ची दिली आणि भाषण भैय्याजींनीच ठोकलं, चांगलं वीस मिनिटं. सत्कारासाठी नागपूरहून लेक प्रेरणा आली होती. तिने आईला मिठी मारली, तिच्या हाताला नुसती हाडं लागली. दुसऱ्या दिवशी बापाला न विचारता ती आईला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेली.

स्वादुपिंडात गाठ होती, यकृतापर्यंत पसरलेली. भैय्याजींनी डॉक्टरांना एकच विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही, पण कदाचित ऑपरेशनचा विचार करता आला असता. जेवण कमी केल्याने हे झालेलं नाही, हेही त्यांनी दोनदा समजावलं. भैय्याजींना त्याचा काडीचा दिलासा मिळाला नाही. आजार त्यांनी दिला नव्हता, पण तो दिसत असताना त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता ते दिवसातून सात वेळा स्वयंपाकघरात शिरतात. मुगाचं पाणी, मऊ भात, रव्याची खीर. शंभर माणसांचा नाश्ता डोळे मिटून करणारा हा माणूस वाटीभर खीर तीनतीनदा चाखून पाहतो. सुलोचनाबाई एक चमचा घेतात, दुसरा तोंडात धरून बसतात आणि हळूच वाटीत परत सोडतात. वहिनींना घेऊन या, दोन शब्द बोला, म्हणून मंडळाचे फोन येतात. भैय्याजी उचलत नाहीत.

परवा दुपारी चमचा पुढे धरता धरता ते रडलेच.

"शिव्या दे मले," ते म्हणाले. "तू जोर देऊन काऊन नाई बोलली?"

सुलोचनाबाईंना बोलायलाही आता दम लागत होता.

"बोलली होती मी दोन-चारदा. पण तुम्ही लय खुश होते. तीस वर्षांत चार लोकांत माह्यं नाव घेऊन तुम्ही कधी बोलले नोते. मले वाटलं, चालू द्यावं अजून थोडे दिवस."

मग सुलोचनाबाईंनी नवऱ्यासाठीच म्हणून तोंड उघडलं, आणि भैय्याजींना तो चमचा पुढे नेववेना.