पद्मिनीचं बोलणं

"थांब, थांब! ही टकटक कसली?" मी गाडीत ओरडलोच.

गाडी चालवणाऱ्या पद्मिनीनं, माझ्या बायकोनं, हसून इंडिकेटरकडे बोट दाखवलं.

इंडिकेटर! अहो, इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये तीस वर्षं गाड्यांच्या कंपनीत काढली मी. कुठून खडखड येते, कुठला बोल्ट सैल आहे, हे नुसत्या कानानं सांगायचो. आणि आज स्वतःच्याच गाडीचा इंडिकेटर ऐकून मी लहान पोरासारखा हरखलो होतो.

चार वर्षं हटून बसलो होतो मी. माझे कान ठणठणीत आहेत, तूच पुटपुटतेस, म्हणून पद्मिनीवर डाफरायचो. शेवटी तिनंच कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. ती ऑडिओलॉजिस्ट म्हणजे नैना, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. तिनं मला बंद खोलीत बसवून टेस्ट घेतली आणि आलेख दाखवला. रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेलेली.

"काका, लो साउंड्स ओके आहेत, हाय पिच गेलंय. सो, बायकांचं, मुलांचं बोलणं मिस होतं. काकू मंबल नाही करत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पद्मिनीचा आवाज मुळातच पातळ.

आज ऐकण्याची यंत्रं कानात बसली. नैना म्हणाली, "काकू, से समथिंग!"

"काय बोलू?" पद्मिनी लाजली. दोनच शब्द, पण माझे डोळे भरून आले. कधी एकदा घरी जातो आणि हिला बोलतं करतो, असं झालं मला! पण वाटभर ती गप्पच. तिची सवयच मोडली होती. जेवण तयार झालं की मला बोलवायला दोनदा दिव्याची उघडझाप करायची, बाकी सगळं बोटांच्या खुणांनी.

घरी आल्यावर मी वेड्यासारखा फिरलो. फ्रिज गुणगुणतोय! माझ्या चपला वाजतात! गराजचं दार तर काय कुरकुरत होतं! तेल घातलं आणि आत आलो, तर स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. फोनवर असेल म्हटलं, पण तिचा फोन तर इथे चपलांच्या कपाटावर होता.

"मेपल यंदा लवकर लाल झालाय, बघितलात? तुम्ही लावलात तेव्हा केवढासा होता. आणि नैना गोड आहे, नाही? मला बाई धाकधूक होती, तुम्ही मध्येच उठून येता की काय..."

कणीक मळत ती माझ्याशी बोलत होती. मध्ये थांबायची, माझं उत्तर आल्यासारखी मान डोलवायची.

मी दारात दिसलो तशी ती गप्प झाली. पिठाचा हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे गेला.

"अगं, कधीपासून बोलतेस अशी?"

"पुटपुटतेस म्हणालात ना, तेव्हापासून."

मी खुर्ची ओढली. ती फरशीवर केवढ्यानं करकरली! मी ओट्याजवळ बसलो.

"पहिल्यापासून सांग."

तिनं बटणावरचा हात काढला.