घड्याळाचा अर्ज

"कॅल्क्युलेटरला बाहेर जायचंय म्हणे. बेरजा करायला बाहेर काय काम?" सुखदेवरावांनी नाक मुरडून 'नाकारा' दाबलं.

"डॉलरचा भाव विचारायला जातो तो. प्रफुल्ल सांगत होता," त्यांच्या पत्नी मीराबाई म्हणाल्या.

"आपल्या घरात डॉलर कोणाकडे आहेत? निर्लज्ज!"

लॅपटॉप मुलाचा, प्रफुल्लचा, कॉलेजातला. नवं काही पेलवेना म्हणून प्रफुल्लनं त्यात हलकं लिनक्स घातलं आणि वर फायरवॉल बसवला. कुठलाही प्रोग्राम इंटरनेटकडे निघाला, की फायरवॉल विचारायचा, जाऊ देऊ का? सेक्शन ऑफिसर म्हणून आयुष्य काढलेल्या सुखदेवरावांना हे फार भावलं. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडात मुलाकडे आल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. सोफासुद्धा परस्परच बदलला होता.

पण एकेकाची लक्षणं बघून किळस यायची. काम घरातलं, पाय सगळ्यांचे उंबऱ्याबाहेर. फोटो दाखवणारा निघाला, पत्ते खेळवणारा निघाला. शेवटी घड्याळानं अर्ज केला : वेळ विचारून येऊ?

"शी! आता घड्याळच वेळ विचारत फिरणार!" सुखदेवरावांनी 'नाकारा'पुढे 'कायम' लावलं आणि समाधानानं लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी एकही वेबसाइट उघडेना.

"बाबा, डब्बा झालाय यार हा," प्रफुल्ल म्हणाला. "संध्याकाळी कबाडीवाल्याला देऊ. तुम्हाला मस्त टॅब घेतो."

"टॅब विचारतो का?"

"काय?"

"बाहेर जाताना."

"छे! तो कशाला तुमचं डोकं खाईल?"

सुखदेवरावांचं तोंड कडू झालं. "मग नको. हाच बघ."

प्रफुल्ल कुरकुरत बसला आणि हसायलाच लागला. "अच्छा! बाबा, याच्या आतला सेल मेलाय. बंद केला की तारीख विसरतो, म्हणून घड्याळ नेटवरून वेळ आणतं. त्यालाच अडवलंत! बघा, कुठल्या सालात बसलाय. वेबसाइट आधी तारीख ताडून बघते, म्हणते, तुमच्या सालात माझा जन्मच नाही."

कोपऱ्यात २०११ होतं. सुखदेवराव बघत राहिले. त्या साली दाराबाहेर स्टुलावर शिपाई असे, आणि त्यांच्या सहीवाचून टेबलावरची फाइल हलत नसे.

"आता घड्याळाला सोडा, नाहीतर कबाडी."

मुलानं जुना हुकूम पुसला. घड्याळानं पुन्हा अर्ज केला. सुखदेवरावांनी चष्मा पुसला, अर्ज दोनदा वाचला आणि 'फक्त एकदा' दाबलं.

घड्याळ बाहेर गेलं, वेळ घेऊन आलं, आणि सुखदेवराव बसल्या जागी पुन्हा निवृत्त झाले. या खेपेला हारतुरे नव्हते.

"'कायम' दाबायचं ना बाबा! उद्या परत विचारत बसेल."

"विचारू दे," सुखदेवराव म्हणाले.