आक्काबाईचं दार, बदकांचं पानी

मित्रांनो, मी बाभळीची एक जुनी फळी. आधी आक्काबाईच्या गोठ्याचं दार हुते. नेवाशाजवळच्या तिच्या चिबड रानात पानी साचायचं, ज्वारी कुजायची. मग तिचा मालक रंगनाथ, त्यानं एक दिस मला उपसली आन् पानी आडवाया बांधाच्या मोरीत बसवली.

"अवो, वासराला दार न्हाई आता!" आक्काबाई वरडली.

"दिवाळीला बदकं येत्यात. चार महिनं पानी धरू. शिमग्याला सोडू, चाऱ्याला कडवळ पेरू. बदकांच्या खतानं रान कसं पिकतं बघ."

पिकलंबी. पन दार गेल्याचं आक्काबाई रोज बोलून दावायची.

मला मातर भ्या वाटायचं. पाठीला सारं तळं, अंगात उभी चीर. लांबून आलेली पाखरं माझ्या भरवशावर निवांत तरंगायची. मी फुटले तर?

दुष्काळाच्या आदल्या साली रंगनाथ शेवगावच्या बाजारला गेल्ता. आक्काबाईचा चुलत दीर सूर्यभान कुदळ घिऊन आला, मागं बंदूकवाला पाव्हना.

"फळी काढ," पाव्हना म्हनला. "पानी उतरलं की समदी एका डबक्यात गोळा व्हतील. दोन बारात पोतं भरतं."

सूर्यभानाचा हरभरा बदकं खायची. त्यो कशाला थांबतोय? कुदळीचं पातं चिरीत शिरलं. मी कडकडले. पानी गळाया लागलं. मला वरडता येत न्हवतं, मित्रांनो.

तवर आक्काबाई शेनाच्या हातानं पळत आली आन् माझ्यावरच बसली.

"भावजी, दार माझं हाय."

"वैनी, आजवर तुमीच याच्यापाई दादाशी भांडता की!"

"माझं हाय म्हनून भांडते. तुमचा हरभरा गेला तर माझ्या कडवळातला एक वाफा न्या. पन फळीला हात लावायचा न्हाई. लावा, मी बसलीया हितं."

सूर्यभानानं कुदळ उपसून खांद्याला लावली. पाव्हना तोंड वाकडं करून गेला. आक्काबाईनं लुगड्याची चिंधी फाडून माझ्या चिरीत कोंबली.

फुडल्या साली पाऊसच न्हाई. चिबड रानाला भेगा पडल्या. वासरू चारा-छावनीत गेलं. मला पुन्ना रिकाम्या गोठ्याला लावली. दिवाळीला पाखरं आली, वरच्या वर घिरट्या घालून वरडत ऱ्हायली. आक्काबाई आत शिरली आन् मला लावून घेतलं.

"काय तोंड दावू त्यास्नी?" ती म्हनली.

आता घरचं सरपन संपत आलंय. कुऱ्हाड भिताडाला टेकलेली हाय, मला हितनं दिसती. मित्रांनो, मला चुलीत घालू नका. पाऊस येईल, पाखरं येतील. तवा मोरीत कोन उभं ऱ्हाईल? चिंधी अजून चिरीतच हाय.