तुडुंब भरलेली टाकी

मित्रांनो, मी दूर महासागरातल्या तान्ना बेटावरची पावसाच्या पाण्याची एक जुनी टाकी आहे. हिरवी, प्लास्टिकची, पाच हजार लिटरची. तापलेल्या साच्यात गोल गोल फिरवून मला घडवलं, म्हणून माझ्या अंगावर कुठेही सांधा नाही. ऑस्ट्रेलिया सरकारच्या मदतीतून मी बोटीने इथे आले. पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात, अशी करारात अट होती.

गावाने लगेच चार बायकांची नावं लिहिली. मग पुरुषांनी मला वडाखालच्या नाकामालला, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या जागी, सभाघराच्या छपराच्या पत्र्यालगत बसवलं. दिवस कलला की पुरुष तिथे कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायला जमतात, आणि त्या वेळी बायका तिकडे फिरकत नाहीत. बायका मळ्यातून परतून पाणी भरतात तीही नेमकी तीच वेळ. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

कोरड्या दिवसांतही मी तुडुंब असायची. सगळे कौतुक करायचे आणि मी खुळी सुखावायची. तिकडे, समितीत नाव असलेल्या नेलीची गरोदर लेक तामार दोन कॅन घेऊन ओढ्याची घसरण चढायची. एकदा तिचा पाय घसरला, गुडघा फुटला. त्या दिवसापासून नेलीच्या जिवाला घोर लागला.

ते माझं तिसरं वर्ष. त्याच दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या उच्चायुक्तालयातून ब्रॉनविनबाई सकाळीच पाहणीला आल्या. मुखिया नाकोने माझ्या पोटावर थाप मारली. "बघा बाई, एक थेंब वाया नाही!"

"वाया कसा जाईल?" मागून नेली म्हणाली. "घेतंय कोण?"

बाया फिसकन हसल्या. ब्रॉनविनबाईंनी वही मिटली. "दुष्काळात टाकी भरलेली कशी, तेच मला कळेना. नेली, तुम्ही तर समितीत आहात. सभेला येता ना?"

"मी कुठली? सभा संध्याकाळी, इथंच. माझं नाव तेवढं येतं."

"मुखियाजी, मदत बायकांपर्यंत पोहोचेल असा आमच्या सरकारने शब्द दिलाय. नावांपर्यंत नव्हे."

नाकोने मान खाजवली. "बरं, नळ हलवू."

"आधी सभा हलवा, मुखिया," नेली म्हणाली. "तामारचे दिवस भरत आलेत. मला तिथं बोलायचंय."

पुढची सभा सकाळी चर्चच्या ओसरीवर भरली. नेली तासभर बोलली. नाकोने दोनदा मधे तोंड घातलं, तरी ती थांबली नाही. आठवड्यात माझ्यापासून उतारावरच्या घरांपर्यंत नळी गेली. तामारच्या बाळाची पहिली अंघोळ माझ्याच पाण्याने झाली.

आता उन्हाने माझी कड तडकली आहे, तिला डांबराचं ठिगळ आहे. आमच्या बेटावरच्या ज्वालामुखीची राख पडली की आधी छपराचा पत्रा धुवा, मगच माझं तोंड उघडा, एवढी काळजी घ्या. आणि मित्रांनो, कुणासाठी टाकी बसवाल, तेव्हा पाणी कोण भरतं ते विचारा, आणि नळ कुठे लावायचा ते तिलाच ठरवू द्या. हल्ली सांजेला मी अर्धी रिकामी असते. फार बरं वाटतं.