चार पितळी अक्षरे

बंद पडलेल्या दुकानांची पितळी अक्षरे पेटीत जमवायची आणि नव्या गिऱ्हाइकाला त्यांतूनच इंग्रजी पाटी जुळवून द्यायची, ही पाटीवाल्याची रीत होती. केवळ एस, टी, ए आणि आर ही चार अक्षरे त्याने तीन महिने फडताळात निराळी ठेविली होती. ती त्याच्या दिवंगत थोरल्या भावाच्या 'स्टार' या शिवणकामाच्या दुकानाची होती.

वहिनी डबा घेऊन आल्या, त्याच वेळी टायपिंग क्लासच्या बाई 'स्टार्ट' अशी पाटी मागावयास आल्या. पेटीत टी तेवढा होता.

"दुसरा शब्द घ्या," तो म्हणाला.

"म्हणजे क्लासचं बारसं तुमची पेटी करणार?" बाई हसल्या.

वहिनींनी फडताळ उघडले. "द्या हो भाऊजी. इथं कोण वाचतंय? झुरळं?"

दुपारी पाटी चढविताना त्यास रडू आले नाही, हलकेही वाटले नाही. एसच्या पाठीस भावाच्या दुकानाच्या भिंतीचा निळा रंग चिकटलेला होता. तो खरवडावयाचा असतो. त्याने तो तसाच आत राहू दिला, स्क्रू आवळले आणि शिडीवरूनच विचारले, "सरळ आहे ना?"