विमान आणि मेहुणा

सासऱ्यांना शनिवारी म्युनिकला न्यायचं क्षितिजानं कबूल केलं होतं. आदल्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं गेलं की ती ज्यावर राबत होती तो इंधनपंप आता बनणार नाही, विभाग बंद होतोय. ती घरी आली आणि कुकर लावला. नवरा रिझाल कामासाठी ब्राउनश्वाइगला गेला होता. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतंच.

सासरे हार्तोनो अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तरुणपणी हाम्बुर्गला विमानं बनवायच्या कामात होते. मग विमान-अभियंते हबीबी यांनी मायदेशी, इंडोनेशियातल्या बांडुंगला विमानाचा कारखाना उभा केला, तेव्हा बायकोला घेऊन तिकडे परतले. पुढे बत्तीस वर्षांची हुकूमशाही कोसळली आणि हबीबी उपाध्यक्ष होते म्हणून इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यानंतर काही वर्षांत हार्तोनोंची नोकरी गेली आणि ते पुन्हा जर्मनीत आले. बायको वारल्यावर इंगोलश्टाटला मुलाकडे राहू लागले. क्षितिजा त्यांना बापाक म्हणायची, म्हणजे बाबा, आणि सासूबाईंना इबू, म्हणजे आई. दोघं आपसांत जर्मन बोलत.

म्युनिकच्या इंडोनेशियन विद्यार्थ्यांनी हबीबींच्या स्मृतिदिनाला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी बांडुंगला बनलेल्या विमानाबद्दल बोलायचं होतं.

म्युनिकला जाणारी रेल्वेगाडी मध्येच बराच वेळ थांबून राहिली. बापाकनी कोट काढून मांडीवर घेतला आणि म्हणाले की त्यांना या भाषणाला यायचंच नव्हतं. मुलं फार गोड बोलली म्हणून नाही म्हणवलं नाही. क्षितिजानं विचारलं, का? त्यांनी कोटाच्या खिशातून भाषणाचा कागद काढून चाळला. ती आणखी काही विचारायच्या मनःस्थितीत नव्हती.

हॉल लहान होता, पण भरलेला. बापाकनी सुरुवात नीट केली. पंचाण्णव साली ते विमान पहिल्यांदा उडालं, तेव्हा ते धावपट्टीच्या कडेला उभे होते. पंखाच्या जोडणीचं काम त्यांच्या गटाचं होतं, म्हणून सगळे वर बघत असताना ते फक्त पंख बघत होते. मुलं हसली. मग देशावर आर्थिक संकट आलं, परदेशी कर्जाच्या अटी आल्या आणि विमानाचे पैसे थांबले.

"आम्हाला वाटलं, आपला माणूस राष्ट्राध्यक्ष झालाय, आता तो विमान वाचवेल," ते म्हणाले. "नाही वाचवलं. मी फार चिडलो. कित्येक वर्षं चिडलेलाच होतो."

इथं ते पाणी प्यायले. मग लिहून आणलेला कागद त्यांनी दुमडून ठेवला.

ते मेहुण्याचं सांगू लागले. बायकोचा भाऊ हादी कामगारांची संघटना काढली म्हणून तुरुंगात होता. हबीबी आल्यावर राजबंदी सुटू लागले, तसा एका दुपारी हादी बांडुंगच्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. दात पडलेले, अंगावर दुसऱ्याचा सदरा. बायको त्याला जेवायला वाढत होती आणि रडत होती. हार्तोनो त्याच दिवशी कारखान्यातून बातमी घेऊन आले होते, की विमानाचं काम थांबलं. ते घरात कुणालाही सांगता येईना. ते हादीशेजारी बसून जेवले.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरचं विचारलं. हबीबींनी तिथं स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान घेऊ दिलं, पण नंतर तिथली घरं जळली, माणसं मेली. ते कुणाच्या माथी?

"सैन्याच्या," बापाक म्हणाले. "आणि जो सैन्याला आवरू शकला नाही, त्याच्याही. पण त्यानं निवडणूक घेतली. संसदेनं त्याच्या कारभाराचा अहवाल नाकारला, तेव्हा तो उमेदवारी सोडून घरी गेला. आमच्याकडे कुणी असं उठून घरी गेलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं."

मुलीनं मान हलवली. तिचं समाधान झालं नव्हतं.

परतीची गाडी रद्द झाली. मुलांनी बांधून दिलेला भात आणि सोयाबीनचं तेंपे घेऊन दोघं स्टेशनवरच्या बाकावर बसली. क्षितिजानं विचारलं, "बापाक, त्या दिवसाचं इबूंना कधी सांगितलंत?"

"आठवड्यानं. तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, तू जेवताना मीठ मागितलं नाहीस."

क्षितिजा हसायला गेली आणि तिच्यानं हसवेना. मग तिनं आपल्या विभागाचं सांगितलं. पुढची नोकरी मिळेल, तू हुशार आहेस, असलं काहीही बापाक म्हणाले नाहीत. फक्त पंप कसा होता ते विचारलं. तिनं डब्याच्या झाकणावर बोटानं काढून दाखवला: दाब कुठं वाढायचा, गळती कशी थांबवली. त्यांनी दोन प्रश्न विचारले. दोन्ही नेमके होते.

"चांगला होता," ते म्हणाले.

तेवढ्यावर तिला रडू आलं. बाकावर बसून ती पोटभर रडली. बापाक डबा धरून बसले होते.

रिझालला तिनं रविवारी सांगितलं. हिवाळाभर ती काम शोधत होती. शेवटी बॉबलिंगेनला मिळालं, पण सॉफ्टवेअरचं. पंप पुन्हा तिच्या हाती आला नाही. बापाकना विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षीही बोलावलं. ते गेले नाहीत. दमलोय, म्हणाले.