नांगरवाली आगगाडी

आमच्या निवळखाडी गावात आगगाडी येणार असं पत्र आलं आणि कुवेतच्या फहाहीलमधल्या आमच्या जमातीला वेड लागलं. पत्र जमातीचे म्होरके कमालचाचा यांना आलं होतं. त्यांनी ते तीनदा वाचून दाखवलं. ईदच्या चंद्राचीसुद्धा कुणी एवढी खात्री करून घेत नाही.

ठरलं असं, की गुरुवारची अर्धी सुट्टी आणि शुक्रवार, असे दोन दिवस इथेही जल्लोष करायचा. शिवाय पहिल्या गाडीतून गावात उतरायला कुवेतवाल्यांतर्फे एक माणूस पाठवायचा, बायकोसकट. मात्र तो आधी गाडीत बसलेलाच हवा, नाहीतर शेजारच्या गावाला हसायला निमित्त मिळेल.

आता गोम इथेच होती. आम्ही पडलो खाडीकाठची माणसं. गावातून होडी, मग मुंबईची आगबोट, मग कुवेतची आगबोट. आगगाडीचा धूर लांबून पाहिला असेल, आत कुणी बसलं नव्हतं. जमातीच्या मते अपवाद फक्त आमच्या ह्यांचा. यूसुफमियां लग्नाआधी गाडीने पुण्याला जाऊन आले होते आणि बारा वर्षं तो प्रवास भेटेल त्याला ऐकवत होते. घाटात लाटा कशा उसळल्या, दोनदा ओकारी कशी झाली, सगळं साग्रसंगीत.

मी, शहरबानू, नऊ वर्षांची असताना अब्बांबरोबर खरोखरच पुण्याला गेले होते, अमिरुन्निसा फुफीकडे. घाटात एकही लाट नव्हती. पण लग्नानंतर चौथ्या दिवशी ह्यांनी ती गोष्ट सांगितली, तेव्हा चेहरा इतका खुलला होता की मी गप्प बसले. मग बारा वर्षं गप्पच बसावं लागलं.

चाचा ह्यांना म्हणाले, "तू सुतार हायस, गाडी बघितलेला हायस. मिरवणुकीसाठी एक इंजिन कर. चांगला झाला तर गावाला तूच जा."

चार वर्षांत मी गावाकडच्या माझ्या अम्माचं तोंड पाहिलं नव्हतं. पत्रातून ती फक्त विचारायची, कधी येतंस? त्यामुळे इंजिन चांगलं होवो म्हणून मी दुआ मागू लागले. हे जवळच्या अहमदी शहरातल्या कामावरून येत आणि ताडपत्रीआड ठोकाठोक करत. मला आत डोकावायची बंदी होती.

गुरुवारी दुपारी एका ट्रकवरची ताडपत्री निघाली. पुढे होडीसारखी टोकदार नाळ, मागे सुकाणू, मधे डोलकाठी, दोन्ही बाजूंना टायरांची तरंगती कडी आणि दोरीला बांधलेला हा एवढा लोखंडी नांगर!

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चाचांनी नांगर हाताने चाचपला. "ह्यो स्टेशन आलां की टाकायचा?"

"हां," हे ऐटीत म्हणाले. "पुण्याला दोनदा टाकलेला."

मी कपाळावर हात मारला. कारण शुक्रवारी पाहुणे म्हणून कुवेत शहरातल्या शर्कहून हारूनभाई येणार होते. ते हिशेबनीस होण्याआधी वीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. घरी आल्यावर मी म्हणाले, "अवो, त्यो नांगर तेवढा काढा."

"तुला गाडीतला काय कळतंय गो?"

रागाने माझं डोकं फिरलं. म्हटलं, राहू दे तुमचा नांगर.

शुक्रवारी जुम्म्यानंतर हारूनभाई आले. तांदळाच्या सांदणांची ताटं घेऊन आम्ही बायका एका बाजूला उभ्या होतो. त्यांनी ट्रकला एक फेरी मारली. नांगराशी थांबले, सुकाणूशी थांबले आणि मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"ही गाडी कुणी पाहिली होती?"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "मी नाय बसलो कदी," हे म्हणाले. "सासऱ्यांनी इचारलां, दुनिया बघितलीस का? पोरगी हातची जाईल म्हणून बोललो, आगगाडी बघितलंय."

म्हणजे ती थाप माझ्यासाठी होती! बारा वर्षं मला वाटत होतं, नुसती बढाई आहे.

चाचा वैतागले. "आता गावाला कोन जाणार?"

"मी," मी म्हणाले. ताट शेजारी उभ्या असलेल्या रबियाच्या हातात दिलं. "मी बसलेय. पुण्याला गेले होते."

हारूनभाईंनी मला न्याहाळलं. "बोगदे किती लागले?"

"नाय म्हाईत. मोजता मोजता झोप लागली."

"खरं बोलतेय," हारूनभाई म्हणाले. "थाप मारणारा आकडा सांगतो."

जमातीत दोन मिनिटं कुजबुज झाली. मग चाचांनी जाहीर केलं, शहरबानू जाईल आणि सोबत नवराही जाईल, बॅगा उचलायला. ह्यांनी मला हळूच विचारलं, "बारा वरसां गप कशी रायलीस?"

"तुमी सांगताना फार खूश दिसायचात," मी म्हणाले.

महिन्याभराने गावाच्या पहिल्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. गाडी हलली तशी ह्यांनी डोळे मिटून माझा हात गच्च धरला. थोड्या वेळाने एक डोळा उघडला.

"लाटा नाय गो," हे म्हणाले.

पुढे स्टेशनावर पताका दिसल्या, गर्दी दिसली आणि गर्दीच्या पुढे काठी टेकून उभी असलेली माझी अम्मा दिसली. मला रडू फुटलं. हे घाबरून उठले आणि म्हणाले, "थांबवा रे गाडी, नांगर टाका!"